पेटीतली जत्रा

रिहे, ता. मुळशी
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

चि. क्षितिजा हिला साळूआजीचा पोटभर आशीर्वाद.

कारण मागनं सांगते, आधी कोंबडीचं ऐक. काल आपल्या तांबड्या कोंबडीनं आख्खी जत्रा खाल्ली. भेळेची तेरा दुकानं, बांगडीवाल्या, नारळवाले, पाण्याचा टँकर, समदं. कुस्तीचा आखाडा तेवढा वाचला, कारण त्याच्या जागी मी हातातली पाटली ठेवली हुती.

आता मागचं सांगते. चैत्रातल्या आपल्या जत्रंची कमिटी परवा आपल्याच ओट्यावर बसली. तुझा बाप अध्यक्ष, म्हंजी चहा आपलाच. देवळाम्होरच्या माळाचा वरचा तुकडा गेल्या साली इकला गेला, तितं फार्महाऊसवाल्यानं भिंत घातली. माळ झाला तोकडा. आन् ह्या साली पोरांना मोठा आकाशपाळणा पायजे. मग पाळणा बसवायचा, दुकानं बसवायची, आखाडा तर हलवायचा न्हाई. मग काढायचं काय? तर म्हणं ढोलाचं रिंगण काढा.

ढोलाचं रिंगण म्हंजी माझ्या तुकीचं रिंगण. तुकाबाई तुला ठावी हाय, धनगरवाड्यावरची, मेंढरं घिऊन येती ती, तुला लहानपणी कोकरू धरायला द्यायची. तिची माणसं दर साली देवाम्होरं ढोल वाजवून गोल धरत्यात. मी दारात चहाचा ट्रे घिऊन हुबी. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "बसतंय की समदं." तुझा बाप म्हनला, "आये, माळ काय रबराचा न्हाई." समदी हसली. मला राग आला. म्हनलं रामनवमीला तुमची शेवटची मिटिंग हाय ना, तवर मी मांडून दावते.

म्हणून अंगणात मांडली जत्रा. हरभऱ्याची दुकानं, चिंचोक्याच्या बांगडीवाल्या, शेंगदाण्याचे नारळवाले. पाणी प्यायला आत गेले आन् आले तर कोंबडी ढेकर देतीया.

तवा मला तुझी आठवण झाली. दिवाळीला तू वसरीत बसून कंपनीचं काम करत हुतीस. बाजूच्या फळीवरनं पंप उचलायचा, कागदावर ठेवायचा, नळ उचलायचा, ठेवायचा. चुकला तर बोटानं सरकवायचा. तुझा जुना लॅपटॉप हितं कपाटात माझ्या लुगड्यांखाली निजलाय. त्याच्यात जत्रा मांडता यील का? त्याच्यात कोंबडी जात न्हाई, येवढं मला कळतं.

फोनवर इचारलं असतं, पण फोन समद्यांच्या मधी वाजतो आन् तुझ्या बापाचे कान पैलवानाचे, मोडलेले पण तिखट. पत्र कुणी फोडत न्हाई. माझी शाळा तिसरीतच सुटली, आक्षर मोठं हाय, कागद जास्त लागला.

तुझी आजी

---

चेन्नई, ५ मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि एवढी हसले की शेजारच्या टेबलवरच्या मुलीला कोंबडीची गोष्ट इंग्रजीतून सांगावी लागली. इंग्रजीत ती कोंबडी एवढी बिलंदर वाटत नाही.

जत्रा मांडता येईल, का नाही येणार? फक्त तू पाहिलेली ती फळी माझ्या कामाची होती. तिच्यावर पंप, नळ, टाक्या असतात. भेळवाला कुठल्याच कंपनीने तयार करून ठेवलेला नाही. म्हणून आपण आपली वेगळी पेटी करू. एक गोल काढायचा, त्यावर लिहायचं ‘पाळणा’, आणि तो उचलून डावीकडच्या पेटीत टाकायचा. एकदा टाकला की पुन्हा काढत बसायचं नाही. लागेल तेव्हा पेटीतून ओढायचा. अशा तुझ्या सगळ्या वस्तू एकेक करून टाक. पेटी दोघींची एकच आहे. तू तिकडे काही टाकलंस की मला इथे दिसतं.

एक मात्र सांभाळ. कागदावर बारीक चौकटी आखलेल्या दिसतील. एक चौकट म्हणजे एक पाऊल धर आणि सगळ्याला तेच माप लाव. दुकान चार पावलांचं असेल तर चार चौकटी. नाहीतर कागदावर भेळेची गाडी देवळापेक्षा मोठी होईल.

आईला फोन करून प्रोग्रॅम चालू करून द्यायला सांगितलंय. घाबरू नकोस, ती बाबांना बोलणार नाही. तिलाही रिंगण बघायचं असतं.

तुझी,
क्षितिजा

---

रिहे, धुळवडीचा दुसरा दिवस

चि. क्षितिजाबाईला आजीचा रंगीत आशीर्वाद. रंगीत म्हंजी खरंच, बोटाला अजून जांभळा हाय, तो कागदालाबी लागला.

अगं, काय चीज दिलीस तू मला. तुझ्या आईनं, साधनानं, लॅपटॉप उघडून दिला, उंदीर कसा धरायचा ते दावलं. पैल्या दिशी माझा उंदीर नुसता पळत हुता. आता वळणावर आलाय. पेटीत माझ्या पंधरा वस्तू झाल्या. पाळण्याला मी पाकळ्या काढल्या. रसवंतीला वर दोन घुंगरं काढली, घुंगरांबिगर रसवंती वळकायची कशी? आखाडा तांबडा केला. बांगडीवालीला हिरवा रंग दिला. साधना म्हनली, "आत्याबाई, नावं लिवा, न्हाईतर क्षितिजाला कळायचं न्हाई." म्हनलं तिला न कळायला ती काय परदेशातली हाय. पण लिवली.

मापं समदी चालून घेतली. पौडच्या बाजारात रसवंतीभवती फिरले. रसवाला म्हनला, "आजी, परदक्षिना घालताय का?" म्हनलं व्हय, आन् परसाद म्हणून एक गलास दे. तितंच मोठा पाळणा लागला हुता, त्याच्याबी भवती गेले. तुकीकडं गेले, तिच्या माणसांना गोल हुबं केलं, ह्या टोकापासनं त्या टोकापातुर चालले, तीस पावलं भरली. कशाला मोजतीस म्हनली. म्हनलं तुझ्या रिंगणाला आंगडं शिवतीया.

माळ तेवढा मोजावा लागला न्हाई. तुझ्या बापानं कमिटीसाठी आधीच चालून मोजलाय. त्याचा कागद खुंटीवरच्या सदऱ्यात हुता, मी हळूच बघितला. लांबी नव्वद पावलं, रुंदी साठ. बरं झालं, माझी चाल वाचली, गुडघे बी वाचले.

एक काळजी हाय ती इचारते. मी दुकानं जपूनच काढते. परवा दोन बांगडीवाल्या काढल्या आन् थांबले. पेटीत किती शिल्लक हायेत कुणास ठावं, ऐन जत्रंला कमी पडायला नकोत. आन् सांजच्याला काम झालं की समदी दुकानं उचलून परत पेटीत ठेवते. जितली वस्तू तितं. सकाळी पुन्हा काढते. मोडतोड अजून झालेली न्हाई.

तुझी आजी

---

चेन्नई, २० मार्च

प्रिय आजी,

आत्ता मला उलगडलं. गेला आठवडाभर मी पेटी उघडते तर तिच्यात रोज बांगडीवाल्या वाढलेल्या. काल मोजल्या, एक्केचाळीस. रसवंत्या एकोणीस. मला वाटलं मुळशीत काहीतरी मोठं घडतंय.

आजी, पेटीतलं संपत नाही. तू जी ओढून काढतेस ती नक्कल असते, मूळ पेटीतच बसून राहतं. शंभर काढ, हजार काढ. आणि परत ठेवलीस की ती रिकामी जागा भरत नाही, वर आणखी एक होते. द्रौपदीची थाळी हातात आलीय आणि तू रोज रात्री उरलेलं खरकटं तिच्यात परत ओततेस. आता मी पेटी नीट लावलीय. प्रत्येकाची एकच वस्तू ठेवली, खाण्याची एका कप्प्यात, खेळाची दुसऱ्या, देवाची तिसऱ्या. माझ्याकडून भेट म्हणून एक हेलिपॅडही टाकलंय. कुणी मोठा पाहुणा आला तर असू दे.

मग मी सगळी मांडणी स्वतः करून पाहिली. माळ नव्वद बाय साठ. देऊळ, आखाडा, पाळणा, दुकानांच्या दोन रांगा आणि मध्ये माणसांना चालायला वाट. आजी, वाईट वाटून घेऊ नकोस, पण रिंगण बसत नाही. मी दुकानं उलटीपालटी करून पाहिली. एक करता येईल. रिंगणाची कड धरून ते जरा आत ढकललं, तीसचं अठरा पावलं केलं, की अगदी सुरेख बसतं. चित्रसुद्धा छान दिसतं.

क्षितिजा

---

रिहे, फाल्गुन वद्य एकादशी

चि. क्षितिजास,

कड धरून आत ढकलायला ते काय पोळपाटावरची पोळी हाय? वीस माणसं, गळ्यात ढोल, हातात रुमाल, आन् फिरताना एक पाय म्होरं एक मागं. अठरा पावलांत ती एकमेकांची टाळकी फोडतील. चित्र छान दिसतंय म्हणं.

रागावले न्हाई. रागावले असते तर पत्र लिवलं नसतं. उलट तुझ्या त्या थाळीच्या गोष्टीनं माझी काय अवस्था झाली ते सांगते. संपत न्हाई म्हनलीस ना? मग मी एक दुपार नुसती भेळेची दुकानं काढली. ओढली आन् ठेवली, ओढली आन् ठेवली. दोनशे झाली. पान भरलं, देऊळ झाकलं, तरी पेटीत भेळवाला तसाच बसलेला, शांत. जल्मभर मी डब्यात हात घालताना आधी तळ बघितला. पीठ असू दे, तेल असू दे, च्यापावडर असू दे. आन् हितं तळच न्हाई. मी एकटीच हसत बसले. साधना म्हनली, "आत्याबाई, येवढी भेळ खाणार कोण?" म्हनलं तू गप, मला काढू दे.

तुझं हेलिपॅड काढलं न्हाई. त्याच्यावर पाण्याचा टँकर हुबा केलाय.

पण आता खरं ऐक. रिंगण का लहान हुणार न्हाई ते मी तुझ्या आईलाबी कधी सांगितलं न्हाई. तुझा बाप कुटं जलमला ठावं हाय का? घरात न्हाई. दवाखान्यात न्हाई. मला नववा सरत हुता, सासू नको म्हनली तरी मी जत्रंला गेले. ढोल सुरू झाला आन् माझ्या पोटात कळ आली. घर लांब. तुकीनं मला धरून तिच्या पालात नेलं. कापडाचं पाल, बाहेर रिंगण फिरतंय, ढोल असा की माझं वरडणं मलाच ऐकू येईना. तितं तुकीनं माझा जना हातावर घेतला. तिच्याच घोंगडीत गुंडाळला. मी म्हनलं, तुके, काय देऊ तुला? ती म्हनली, काय नको, आमचं रिंगण तेवढं मोडू दिऊ नगं. मी शब्द दिला. त्या साली ती वीस वर्साची, मी एकोणीस.

आन् आता त्याच रिंगणाच्या कडंला जलमलेला कमिटीचा अध्यक्ष झालाय आन् रिंगण काढतोय. त्याला हे ठावं न्हाई. सांगायची लाज न्हवं, पण पैलवानाला चारचौघांत कसं सांगायचं?

काल दिवसभरात मी सोळा वेळा जत्रा भरवली. पाळणा हिकडं, आखाडा तिकडं, दुकानं देवळामागं. सोळाच्या सोळा वेळा रिंगण भिंतीपल्याड जातंय. येकदा तर सरळ फार्महाऊसवाल्याच्या पोहायच्या हौदात गेलं. तुकीची माणसं पाण्यात ढोल वाजवतायत असं सपानबी पडलं.

तू शिकलेली हायेस. काय तरी कर.

आजी

---

चेन्नई, ३१ मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बाबा पालात जन्मले, हे डोक्यात घेऊन मी दोन दिवस फिरतेय.

तू सांगितलंस म्हणून पुन्हा सगळं तपासलं. पेटीतली प्रत्येक वस्तू उघडून तुझ्या पावलांचा आकडा बघितला. कुठेही चूक नाही. उलट ऑफिसमधल्या लोकांपेक्षा तुझी पेटी नीट आहे. पण नकाशा खोटं बोलत नाही, आजी. नव्वद बाय साठमध्ये हे सगळं मावतच नाही. पाळणा काढला तर रिंगण बसेल, आणि पाळणा बाबा काढणार नाहीत.

मला वाटतं, तुकाआजीला तू आधीच जाऊन सांगावंस. मिटिंगमध्ये सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळलेलं बरं. लॅपटॉप घेऊन जा आणि तिला दाखव, म्हणजे तू प्रयत्न केलास हे तिला दिसेल.

मला जत्रेला सुटी मिळेल असं वाटत नाही. पण तुझ्यासाठी पेटीत एक नवी वस्तू टाकली आहे, दोन वेण्यांची मुलगी. तिला रिंगणाजवळ उभी कर.

क्षितिजा

---

रिहे, रामनवमीचा दुसरा दिवस

क्षितिजे, बस. आधी बस. उभ्यानं वाचायचं पत्र न्हाई हे.

तुझं ऐकून मी तुकीकडं गेले. माले गावच्या रस्त्याला एका वावरात तिची मेंढरं बसलेली. लॅपटॉप लुगड्यात गुंडाळून नेला. तितं दगडावर ठेवला, उघडला, म्हनलं तुके, हे बघ देऊळ, हा पाळणा, आन् हे तुझं रिंगण, भिंतीपल्याड जातंय, माझा विलाज न्हाई. आन् मला रडू आलं. तिनं लांबनं बघितलं, जवळनं बघितलं. मग म्हनली, "साळे, ही पाटी मला कळत न्हाई. माझं रिंगण कुटं अडतंय ते माळावर दाव."

म्हनलं चल. जाताना आखाडा आखायची पांढरी फक्की पिशवीभर घेतली. माळावर गेलो. देवळाच्या पायरीपासनं मी चालायला लागले, तोंडानं आकडं, मागं तुकी फक्की टाकतीया. लुगड्याला, केसाला, समदीकडं फक्की. साठ झाली, सत्तर झाली, ऐंशी झाली. नव्वद झाली. आता भिंत आली पायजे. मी मान वर केली तर भिंत कुटं? लांब तिकडं. मधी नुसता माळ, त्याच्यावर कुणाची तरी शेळी चरतीया.

वाटलं मोजताना चुकले. पुन्हा पायरीपासनं चालले. पुन्हा नव्वदला शेळी. मग म्हनलं जाऊ तर खरं. चालतीया, चालतीया, माळ संपंना. एकशे पस्तीसला भिंतीला हात लागला.

तुकी खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. न्हाई, हसत हुती. हसता हसता म्हनली, "साळे, तुझ्या कागदावर माळ कुणी मोजला?" म्हनलं, "जनानं." ती म्हनली, "आन् माझं रिंगण?" म्हनलं, "मी." मग मला कळलं आन् मीबी तिच्या शेजारी फतकल मारली. अगं, तुझ्या बापाची ढांग आन् माझं पाऊल. माळ मोजला पैलवानानं, दुकानं मोजली म्हातारीनं, आन् दोन्ही आकडं एकाच चौकटीत बसवत हुते मी महिनाभर. दोघी म्हाताऱ्या फक्कीनं पांढऱ्या झालेल्या, माळाच्या मधी बसून हसतोय. शेळीनं सुदीक चरायचं थांबवलं.

काल मिटिंग. देवळात समदी जमलेली. मी तुकीला संगं नेली. तुझ्या बापानं कागद काढला, नव्वद आन् साठ वाचलं, पाळणा धरला, रिंगण सोडलं. मी उठले.

"जना, ह्या पायरीपासनं त्या पिंपळापातुर चाल बघू."

"आये, आता काय हे."

"चाल म्हनते ना."

चालला बिचारा, वीस ढांगा. मग मी पदर खोचला आन् चालले. कमिटीचे सेक्रेटरी जयसिंगराव मोठ्यानं आकडं म्हनत हुते. मी पिंपळाला हात लावला तवा तीस झाली. मग जयसिंगरावांनाच पैलं हसू फुटलं, मग देऊळभर झालं.

मी तितंच लॅपटॉप उघडला. तुला सांगू, मला काई म्हंजी काई पुन्हा करावं लागलं न्हाई. दुकानं माझ्या पावलांची, पाळणा माझ्या पावलांचा, रिंगण माझ्या पावलांचं, समदं बरोबरच हुतं. एकटा माळ परका. तो धरला, एकशे पस्तीस लांब आन् नव्वद रुंद वढला. आन् समदी जत्रा मोकळी झाली. रिंगण मधोमध. तरी म्होरं जागा उरली. तुझी दोन वेण्यांची पोरगी मी रिंगणाच्या कडंला हुबी केली, देवळातल्या बाया म्हनल्या ही कोण? म्हनलं इंजिनेर.

तुझा बाप वाकून बघत हुता. रिंगणाच्या कडंवरनं बोट फिरवलं. मग म्हनला, "आये, रिंगण बसतंय."

तुकी म्हनली, "बसणारच. तुझा जलमच त्याच्या कडंला झालाय, माझ्या घोंगडीत. इचार तुझ्या आईला."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी व्हय म्हणून मान हलवली. पैलवानाचे कान लाल झाले, मग तो उठला आन् समद्यांदेखत तुकीच्या पाया पडला. मग कुणी काय बोललं मला ठावं न्हाई, माझे डोळे फक्कीनं चुरचुरत हुते.

नकाशा खोटं बोलत न्हाई, खरं हाय तुझं. पण चालला कोण ते इचारायचं.

आजी

---

चेन्नई, १२ एप्रिल

प्रिय आजी,

आता मला एक कबूल करायचंय. तुझं एकादशीचं पत्र आलं तेव्हा मी गुपचूप बाबांना फोन केला होता. रिंगण ठेवा, असं मी म्हटलं. ते म्हणाले, मी स्वतः चालून मोजलंय, जागा नाही. स्वतः चालून म्हणाले, आजी! आणि मी त्यावर विश्वास ठेवून तुला नकाशाचं शहाणपण शिकवत बसले.

आमच्या कामात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला शिकवतात, आधी विचार, माप कशात आहे. ते मी दुसऱ्यांना शिकवते. तुझ्या चौकटी आखून देताना मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, पाऊल कुणाचं. आता पेटीच्या झाकणावर मी ठळक लिहून ठेवलंय, ‘एक चौकट म्हणजे साळूआजीचं एक पाऊल.’ ऑफिसमधल्या त्या शेजारच्या मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, हे इंग्रजीतसुद्धा चांगलं वाटतंय.

सुटी नाही मिळाली. मी खूप भांडले. आई फोनवर रिंगण दाखवणार आहे. ढोल जवळून ऐकवायला सांग तिला.

तुझी,
दोन वेण्यांची

---

रिहे, जत्रा होऊन तिसरा दिवस

माझ्या दोन वेण्यांच्या इंजिनेरला आजीचा आशीर्वाद, आवाज बसलेला हाय म्हणून लिहून.

साधनानं तुला फोनवर दावलं ते तू बघितलंस. पण फोनात दिसलं न्हाई ते सांगते.

पहाटे तुझ्या बापानं माळ आखला. हातात मी छापून घेतलेला कागद. आन् ऐक, आखताना त्यानं पावलं मोजायला मलाच म्होरं घातलं. मी चालायची, तो मागनं फक्की टाकायचा. मधीच एकदा त्याचं पाऊल म्होरं पडलं तर जयसिंगराव वरडले, "अध्यक्ष, पाय आवरा." दुकानदार आले, कागद बघितला, ज्याच्या त्याच्या खुणेवर बसले. दर साली जागंवरनं भांडण हुतं, ह्या साली कुणाला भांडायला जागाच घावली न्हाई. रसवाल्यानं घुंगरं बघून आपली जागा वळकली. म्हनला, "आजी, तुमी परदक्षिना घातली ती पावली." हेलिपॅडवर टँकर हुबा ऱ्हायला.

माल्याच्या बाया आल्या हुत्या. त्यांच्या जत्रंला पेटी पायजे म्हनल्या. मी म्हनलं न्या. जयसिंगराव कानात म्हनले, आजी, येवढी मेहनत केली, अशी कशी दिली? म्हनलं दिली तर काय झालं, माझी भरलेलीच हाय. फक्त त्यांना बजावलं, माळ मोजायला माझ्या उंचीची बाई घाला. पैलवान नको.

दुपारी ढोल सुरू झाला. रिंगण काय फिरलं म्हणून सांगू. तुझा बाप कडंला हुबा हुता, पैल्यांदा आख्खं बघितलं त्यानं, पापणी न हलवता. मग तुकीच्या नातीनं, वैभवीनं, त्याला हात धरून आत वढलं. त्याला नाचता येत न्हाई, पण जागा लई हुती.

सांजच्याला तुकी आन् मी पाळण्यात बसलो. दोघींची मिळून शंभरावर एकतीस वर्सं. पाळणेवाला म्हनला, म्हाताऱ्यांनो, घट्ट धरा. वर गेला आन् खाली माणसं बसवायला तसाच थांबला. तुकीनं डोळे मिटलेले. म्हनलं, "तुके, उघड. बघ खाली."

क्षितिजे, खाली आपली पेटी पसरलेली हुती गं. देऊळ, तांबडा आखाडा, हिरव्या बांगडीवाल्या, भेळेची रांग, समदं मी ठेवलेलं तितल्या तितं, आन् मधोमध रिंगण, गोल, फिरतंय. रसवंती जरा वाकडी वाटली. माझं बोट आपसूक म्होरं झालं, सरकवायला. ती हलली न्हाई. तितला रसवाला वर बघून हात हलवायला लागला.

तुकी हसून हसून माझ्या अंगावर पडली. म्हनली, "साळे, आता सांज झाली. समदं उचलून पेटीत परत ठेवतीस का काय?"

म्हनलं, "न्हाई. आज ऱ्हाऊ दे भाईर."

तुझी आजी